पुरे झाले हे गलीनापुराण!

अमेरिकेत मुलाबाळांकडे चार-सहा महिने राहून आलेला मराठी माणूस परत येताना दोन गोष्टी हमखास आणतो. एक चॉकलेटांच्या पिशव्या आणि दुसरे एक कीर्तन. चॉकलेटे आठ दिवसांत संपतात. कीर्तन पुढच्या वारीपर्यंत पुरते. त्याचा पूर्वरंग रस्ते, शिस्त आणि पाटीवरचा वेग पाळणाऱ्या मोटारी यांवर असतो. उत्तररंगात कीर्तनकारांचा गळा दाटून येतो. “अहो, दीडशे-पावणेदोनशे वर्षांची घरे! पण काय जपली आहेत! दाराची कडीसुद्धा जुनी. नाहीतर आपण करंटे! पेशव्यांच्या वेळचे वाडे पाडतो आणि तिथे गाळे काढतो.”

मंडळी, हे कीर्तन मी स्वतः केलेले आहे. एकदा नव्हे, निदान वीस वेळा. आमच्या गावच्या वाचनालयात तर तासभर केले आणि शाल-नारळ घेऊन घरी आलो. तेव्हा ते खोटे आहे हे सांगण्याचा पहिला मान मलाच मिळायला हवा.

मी ज्या गावाचे गुण गात होतो त्याचे नाव गलीना. इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीपासून थोडे आत, टेकड्यांच्या उतारावर ते वसलेले आहे. शिकागोहून मोटारीने सुमारे तीन तास. मुलीने पहिल्या खेपेला मला तिथे नेले तेव्हा खाली वळण घेत जाणारा विटांच्या दुकानांचा रस्ता, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली घरे आणि माथ्यावरचे चर्चचे मनोरे पाहून मी खरोखरच हरखून गेलो. कुणीही हरखेल. गावाचा सुमारे ८५ टक्के भाग १९६९ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेला. १८२६ सालचे एका व्यापाऱ्याचे दगडी घर आहे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. १८४५-४६ सालची मंडई आहे. आणि एवढ्या सगळ्या संसाराची राखण करायला माणसे किती? २०२० च्या शिरगणतीप्रमाणे ३,३०८. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला धड एस. टी. चा थांबा नसतो, हे वाक्य मी वाचनालयात टाळीसाठी घातले होते आणि टाळी पडलीही होती.

पण हे गाव राहिले कसे, हा प्रश्न मी त्या तासाभरात एकदाही विचारला नाही. विचारला असता तर पंचाईत झाली असती. कारण उत्तर असे आहे की, ते गाव कुणी जपले नाही. ते पडून राहिले.

गलीना हे शिशाच्या खनिजाचे नाव. चकाकणारा, काळसर, हातात घेतला तर दचकावे इतका जड दगड. तो या टापूत इतका सापडे की १८४५ च्या सुमारास साऱ्या देशात निघणाऱ्या शिशापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक शिसे इथल्या खाणींतून जाई. बंदुकीची गोळी शिशाची, रंग शिशाचा, छापखान्याचा खिळाही शिशाचा. त्या काळी गलीनाच्या धक्क्याला आगबोटींची रांग लागे. १८४० साली खुद्द शिकागोची वस्ती पाच हजारांच्या आत होती, म्हणजे मोठे गाव कोणते होणार यावर पैज लावायची झाली तर शहाण्याने ती गलीनावर लावली असती. लावणारे होतेच. १८५५ च्या एप्रिलात त्यांनी ‘डिसोटो हाउस’ नावाचे पाच मजली हॉटेल उघडले. त्याच्या सज्जातून पुढच्याच वर्षी लिंकनने भाषण केले.

आणि मग सगळेच फिरले. वरवरचे शिसे संपत आले. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हाकाटी १८४९ साली उठली तेव्हा खाणकामगार खोरी-टिकाव घेऊन तिकडे गेले. भट्ट्यांसाठी आजूबाजूच्या टेकड्यांवरची झाडे तोडून झाली होती, उघड्या उतारांवरची माती पावसाबरोबर नदीत आली, आणि आगबोटींची नदी गाळाने भरून ओढ्यासारखी झाली. १८५४ साली रेल्वे आली ती गाव तारायला आली असे लोकांना वाटले. ती दुसऱ्या वर्षी सरळ मिसिसिपीच्या काठावर जाऊन पोचली आणि गलीना हे वाटेवरचे एक स्टेशन झाले. त्या पाच मजली हॉटेलात गिऱ्हाईक येईना. तेव्हा मालकांनी काय करावे? १८८० साली वरचे दोन मजले सरळ उतरवून टाकले! आज ज्या ‘जशाच्या तशा’ इमारतीसमोर आपली मंडळी फोटो काढतात ती पाचातून दोन वजा केलेली इमारत आहे. मी काढलेला फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात आहे.

जुने पाडून नवे बांधायला पैसा लागतो. गलीनाकडे पुढची ऐंशी-नव्वद वर्षे तो नव्हता. म्हणून विटा राहिल्या. दारिद्र्याने राखलेल्या वस्तूला आपण संस्कृतीने राखलेली वस्तू समजतो आणि वर तिचा दाखला देऊन स्वतःच्या समाजाला शिव्या घालतो, याला काय म्हणावे?

पैसा असता तर अमेरिकन माणसाने काय केले असते, हे पाहायला लांब जायला नको. तीन तासांवर शिकागो आहे. तिथे लुई सलिव्हन आणि डांकमार ॲडलर या जोडीने १८९४ साली शेअर बाजाराची इमारत बांधली. सलिव्हनला तो देश आपल्या वास्तुशिल्पाचा आद्यपुरुष मानतो. ती इमारत १९७२ साली पाडली. पाडू नका म्हणून लोक निषेधाच्या पाट्या घेऊन उभे होते. तरी पाडली, कारण त्या जागेवर त्याहून उंच इमारत उभी राहणार होती. रिचर्ड निकेल नावाचा एक छायाचित्रकार पाडापाडी चालू असताना आतली नक्षी वाचवायला जात असे. त्या ढिगाऱ्याखाली सापडून तो मेला. आज त्या इमारतीतले सौद्याचे दालन एका कलासंग्रहालयात पुन्हा जुळवून ठेवलेले आहे आणि दाराची कमान बाहेर उभी आहे. आत जायला भिंतच नाही अशी कमान. ती पाहून आलेला एकही कीर्तनकार मला आजवर भेटलेला नाही. सगळे गलीनाचीच कथा लावतात, कारण जागेचा भाव चढला की यांकीसुद्धा आपल्याच बिल्डरासारखा वागतो हे सांगितले तर उत्तररंगाचा रंगच जातो.

आता जे राखले आहे त्याच्याकडे वळू. गलीनात सगळ्यांत गर्दी होते ती जनरल ग्रँटच्या घरी. टेकडीवरचे सुरेख विटांचे घर, पुढे हिरवळ. आत त्या कुटुंबाचे खरे सामान, खरी भांडी. दाखवणाऱ्या बाई जुन्या धाटणीचा झगा घालून इतक्या गोड बोलतात की प्रश्न विचारणे असभ्यपणाचे वाटावे. पण या घराची हकीकत ऐका. हे घर १८६० साली दुसऱ्याच एका गृहस्थासाठी बांधलेले. ग्रँट युद्ध जिंकून आला तेव्हा, १८६५ च्या ऑगस्टमध्ये, गावातल्या पक्षाच्या धनिकांनी ते विकत घेऊन, सामानासुमानासह सजवून त्याच्या हातात किल्ली ठेवली. तो त्यात राहिला किती? मधूनमधून. मुक्कामाला आल्यासारखा. लवकरच तो राष्ट्राध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला गेला तो आठ वर्षे तिकडेच. मग जगप्रवासाला निघाला. १८७९ च्या फेब्रुवारीत हा मनुष्य आपल्या मुंबईत होता, मलबार पॉइंटच्या गव्हर्नरच्या बंगल्यात उतरला होता. तिथून उत्तरेकडे, कलकत्त्याकडे, चीन-जपानकडे करीत नोव्हेंबरात या घरी आला. दोन वर्षांत न्यूयॉर्कला निघून गेला. मुलांनी १९०४ साली घर गावाला देऊन टाकले, १९३१ साली ते राज्याकडे आले.

खरा ग्रँट गलीनात राहिला तो याच्या आधी, १८६० च्या वसंत ऋतूपासून जेमतेम वर्षभर. त्या ग्रँटची गोष्ट कुठल्याही मराठी घरात सांगितली तर बायका पदराने डोळे पुसतील. सैन्यातली नोकरी सोडलेली. मिसुरीत शेती केली, ती बुडाली. दुसरे उद्योग केले, ते फसले. बायको आणि चार मुले. वयाला अडतीस वर्षे होत आलेली, आणि शेवटी वडिलांपुढे मान खाली घालून त्यांच्या चामड्याच्या दुकानात कामाला राहिला. ते दुकान चालवीत होते त्याचे धाकटे भाऊ! कातडी उचलायची, खोगिरे-लगाम विकायचे, संध्याकाळी टेकडीच्या पायऱ्या चढून भाड्याच्या लहानशा घरात जायचे. पुढल्या एप्रिलात यादवी युद्ध पेटले नसते तर आज त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते. ते भाड्याचे घर अजून आहे, पण त्यासमोर गर्दी नाही. नजराण्याच्या घराला तिकीट आणि हिरवळ. भाड्याच्या घराला पाटी. इतिहास जपला म्हणता, तो हा असा. माणूस जिथे हरला ते नको, जिथे त्याला हार घातले तेवढे हवे.

आणि तो चामड्याचा धंदा? ऐका. तिसऱ्या खेपेला मी एकटाच तिथे दोन दिवस राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्ट्रीटवर माझ्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला. म्हटले काळजी नाही. ज्या रस्त्यावर अमेरिकेच्या अठराव्या राष्ट्राध्यक्षाने चामडे विकले तिथे चपलेला टाका घालणारा कुणीतरी भेटेलच. अर्धा मैल पाय ओढत फिरलो. फजची दुकाने, पॉपकॉर्नची दुकाने, वाइन चाखायची दुकाने, तऱ्हेतऱ्हेच्या तेलांची आणि मसाल्यांची दुकाने, ‘आजीच्या घरची’ म्हणून नवी कोरी मोडकी खुर्ची विकणारे दुकान. चांभार नाही. सुई-दोरा नाही. एक खिळाही नाही. एका दुकानात मी चप्पल दाखवून ‘लेदर, लेदर’ म्हणालो तेव्हा विकणाऱ्या मुलीने मोठ्या आपुलकीने मला एका मांडणीजवळ नेले आणि चामड्याच्या वासाची मेणबत्ती हातात दिली! बत्तीस डॉलर. खिळा हवा असेल तर हायवेवर जा म्हणाली. तिथे सपाट छपरांची, खिडक्या नसलेली मोठी दुकाने आहेत, आणि ज्या ३,३०८ लोकांचे हे गाव, ते कणीक-साबण-खिळे तिथून आणतात. जुन्या बाजारपेठेत त्यांचे काम उरलेले नाही. बाजारपेठेला त्यांचे उरलेले नाही असे म्हणा हवे तर.

कुणी म्हणेल, एका तुटक्या चपलेवरून एवढा गहजब? पण दुकान म्हणजे काय, दर्शनी विटा की काउंटरच्या मागचा माणूस? विटा त्याच आहेत, बारीक लोखंडी खांब तेच आहेत, आणि त्यांच्या आत जे चालत होते ते सगळे गेलेले आहे. सोनाराच्या पेढीत गुलकंद विकायला बसला आणि पाटी तेवढी सोनाराची ठेवली, तर त्या पाटीला आपण हळदकुंकू वाहणार काय?

या गावाला तर आता सोंगेही चांगली वठू लागली आहेत. १९८९ साली ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ नावाचा चित्रपट आला. त्यात मिनेसोटातले चिझम नावाचे गाव दाखवायचे होते, तेही १९७२ सालचे. ते दाखवले गलीनाच्या रस्त्यावर. म्हणजे जे गाव स्वतःचे जुने रूप म्हणून नावाजले आहे, ते तिकिटाच्या पडद्यावर दुसऱ्याच गावाचे रूप म्हणूनही चालते. आणि एका आगबोटवाल्याने बांधलेल्या १८५७ सालच्या हवेलीत पहिल्या खेपेला मला काय दाखवले असेल? ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातले हिरवे पडदे! बघणाऱ्यांनी त्या पडद्यांपुढे जेवढा वेळ घालवला तेवढा मूळ जिन्यापुढे नाही. मीही.

डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियात आपल्या जत्रेच्या दारातच असाच एक मध्यपश्चिमी रस्ता बांधला. मिसुरीतल्या मार्सलीन गावी त्याचे चार-पाच वर्षांचे बालपण गेले होते, त्याच्या आठवणीतून. वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे केले, म्हणजे रस्ता गोजिरवाणा दिसतो. आणि मिनेसोटातले सॉक सेंटर तर याहून गमतीचे. सिंक्लेअर लुईसने १९२० साली ‘मेन स्ट्रीट’ कादंबरी लिहून आपल्या या जन्मगावाच्या कूपमंडूकपणाची सालटी काढली. गाव चवताळले. पुढे त्याला १९३० साली नोबेल मिळाले. आणि आज त्या गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे, त्याचे लहानपणचे घर पाहायला ठेवले आहे, आणि बाजाररस्त्याचे नाव? ‘मूळचा मेन स्ट्रीट’. ज्याने थोबाडीत मारली त्याच्याच बोटांचे वळ कपाळी कुंकवासारखे मिरवावेत तसे. पण निदान तिथे काहीतरी भांडण झाले होते हे तरी कळते. गलीनात कुणाचे कुणाशी भांडणच झाले नव्हते असे वाटावे इतके सगळे गोड आहे.

भांडण नव्हते? ज्या शिशावर हे सारे उभे आहे ते गोऱ्यांनी शोधलेले नव्हे. मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक लोक ते आधीपासून काढीत होते, आणि खोदायचे काम बायका करीत. १८०४ सालच्या एका कराराने मिसिसिपीच्या पूर्वेची जमीन गेली. तो करार आपल्या मूठभर माणसांकडून, त्यांना तसा अधिकार नसताना करून घेतला असे सॉक लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले. १८२२ पासून सरकारने खाणींचे पट्टे गोऱ्यांना द्यायला सुरुवात केली. केंटकीहून आलेल्या जेम्स जॉन्सनने खोदायला गुलाम आणले, आणि तेही गुलामगिरी नसलेल्या राज्यात! १८३२ साली ब्लॅक हॉकचे युद्ध झाले आणि मूळचे लोक नदीपलीकडे रेटले गेले. त्या बायका राहत होत्या ती घरे सालींची आणि चटयांची. ती कोण राखणार? गुलामांच्या झोपड्या कोण राखणार? खाणीत उतरून फुप्फुसे खराब करून घेणाऱ्याचे एका खोलीचे लाकडी घर कोण राखणार? घरे जपायची म्हटली की विटादगडांचीच जपली जातात, आणि विटादगडांची घरे कुणाची असतात हे मी सांगायला नको. मग शे-दोनशे वर्षांनी फिरायला आलेला मनुष्य समजतो की त्या काळी इथे सगळे श्रीमंतच राहत असत.

कायद्याचे म्हणाल तर तोही मी समजून घेतला, कारण वाचनालयात मी छातीठोकपणे म्हणालो होतो की तिथे यादीतल्या घराला हात लावायची कुणाची टाप नाही. साफ खोटे. राष्ट्रीय यादीत नाव गेल्याने खाजगी मालकाचा हात अडत नाही. सरकारी पैसा वा परवाना गुंतलेला नसेल तर तो आपले घर पाडू शकतो. अडवणारे नियम असलेच तर ते त्या त्या गावाचे. आणि सवलत? जुन्या इमारतीच्या दुरुस्तीच्या खर्चावर आयकरात २० टक्के सूट १९८६ पासून आहे, पण ती इमारत उत्पन्नाची असेल तरच. हॉटेल करा, दुकान करा, भाड्याने द्या, सूट घ्या. पण एखादी म्हातारी आपल्या आजोबांच्या घरात स्वतःच राहत असेल आणि छप्पर गळत असेल, तर वॉशिंग्टनच्या खजिन्यातून त्या सवलतीपैकी एक सेंटही तिला मिळत नाही. म्हणजे सरकारनेच सांगून ठेवले आहे: घर राखायचे असेल तर त्यातून राहणे काढून टाका.

दुपारी जिथे जेवलो तिथली वाढपी मुलगी नदीपलीकडच्या डब्यूक शहरातून मोटार हाकत येत होती. गलीनात का राहत नाहीस, असे मी विचारले. इथे राहायला खोल्या पुष्कळ आहेत, ती म्हणाली, पण त्या शनिवार-रविवारच्या आहेत. तिच्यावर अन्याय नको म्हणून तिचे पुढचे बोलणेही सांगतो: पाहुणे आले नसते तर ही नोकरी नसती, आणि तिच्या आईच्या लहानपणी याच रस्त्यावर निम्म्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. हे खरेच आहे. त्या इमारती पाडायला हव्या होत्या असे माझे म्हणणे नाही. मेलेल्या धंद्याच्या जागी फज विकून कुणी पोट भरत असेल तर भरो, माझे काय जाते? माझे भांडण त्या गावाशी नाहीच. ते गाव पोटासाठी नटते आणि नटलो आहोत हे त्याला ठाऊक आहे. माझे भांडण त्या नटण्याला धर्म समजून दुसऱ्याच्या डोक्यावर मारणाऱ्यांशी आहे.

त्यांत मी पहिला. कृष्णाकाठी आमचा एक वाडा आहे. आहे म्हणजे त्यातल्या तीन खोल्या उभ्या आहेत. त्यांत माझा धाकटा चुलतभाऊ बायकोमुलांसह राहतो. खांबांना वाळवी, माळवदाला झाडोरा. पाऊस लागला की भावजय स्वयंपाकघरात चार ठिकाणी पातेली मांडते आणि पाचव्या ठिकाणी चूल. पाडून साधे चार खोल्यांचे सिमेंटचे घर बांधायचे म्हणून भाऊ सहा वर्षे माझी सही मागत होता. मी, ज्याने शेवटची रात्र त्या वाड्यात काढली त्याला वीस वर्षे झाली, सही देत नव्हतो. वारसा आहे म्हणत होतो. त्याला गलीनाचे फोटो पाठवले होते. त्याने एवढेच कळवले, “दादा, तुझ्या गलीनात पावसाळ्यात आत कोण झोपते?” मला राग आला. उत्तर मी दिले नाही. देता येत नव्हते म्हणून दिले नाही हे चप्पल तुटेपर्यंत कळले नव्हते.

आता चपलेचे काय झाले ते सांगतो. मेन स्ट्रीटच्या खालच्या अंगाला, नदीकडे, चुनखडीच्या दगडाची एक भक्कम इमारत आहे. आगबोटींच्या दिवसांत सरकारने ती कस्टम हाउस आणि पोस्ट म्हणून बांधायला घेतली, १८५७ ते ५९. आगबोटी गेल्या, जकात गेली, पोस्ट राहिले. ते आजही पोस्टच आहे. तिथे तिकीट काढून आत जावे लागत नाही, पाकिटावर लावायचे तिकीट विकत मिळते. बांधकामावर देखरेख करायला जो इंजिनियर आला होता त्याचे नाव ईली पार्कर. हा सेनेका जमातीचा. वकिलीचा अभ्यास केला होता, पण मूळचे रहिवासी देशाचे नागरिकच नव्हेत म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. ज्यांची भूमी तेच परके! म्हणून तो इंजिनियर झाला. गलीनात त्याची चामड्याच्या दुकानातल्या त्या अपयशी कारकुनाशी ओळख झाली. पुढे ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती दिली तेव्हा तिच्या अटींची प्रत पार्करच्या हस्ताक्षरात लिहिली गेली. ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मूळ रहिवाशांच्या खात्याचा तो प्रमुख झाला, त्या जमातींतला पहिलाच. मला विचाराल तर अख्ख्या गलीनात थांबून पाहण्यासारखी इमारत ही एक. हिच्यापुढे कुणी झगा घालून उभे नाही.

मी आत गेलो तेव्हा एक म्हातारा शेतकरी बियाण्याचे पुडके घ्यायला आला होता आणि एक बाई वीजबिलाबद्दल काही कुरकुरत होती. खिडकीवरच्या कारकून बाईंनी माझी चप्पल पाहिली, काही न विचारता पार्सलाची जाड चिकटपट्टी काढली आणि अंगठ्याला तीन वेढे घालून दिले. पैसे घेतले नाहीत. त्या पट्टीवर मी शिकागोपर्यंत आलो.

तिथेच उभ्याने भावाला कार्ड लिहिले. कार्डावर ग्रँटच्या नजराण्याच्या घराचे चित्र होते. रस्त्यावर दुसरे मिळालेच नव्हते. लिहिले की, कागद पाठव, सही करतो. देवघराची चौकट निघाली तर काढून नव्या घराला लाव, नाही निघाली तर राहू दे. माझ्या वाट्याचे लाकूड विकून येईल ते छपराला घाल. ओटा तुझ्या बायकोला हवा त्या उंचीचा कर, आणि मी येईन तेव्हा मला बाहेरच्या खोलीत अंथरूण घाल, पण पावसाळ्यात बोलाव.

बाईंनी कार्ड उलटे करून पत्ता वाचला, बोट नकाशावर फिरवावे तसे ‘महाराष्ट्र’ या शब्दावरून फिरवले, आणि शिक्का मारला.